शेतातून सुटलेले हात जातात कुठे?

देशातील कामकरी माणसे कशावर जगतात याचा हिशेब मांडताना सगळ्या कामांची तीन ढोबळ क्षेत्रे केली जातात. जमीन, जंगल आणि पाणी यांतून थेट पीक किंवा माल काढणे हे प्राथमिक क्षेत्र. त्या मालाला नवे रूप देणे, मग ते पोलादाच्या भट्टीत असो वा कुंभाराच्या चाकावर, हे द्वितीयक. बांधकामही यातच धरतात. माल वाहणे, विकणे, शिकवणे, रोग्याची शुश्रूषा, कचेरीतले टेबल, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी हे सारे तृतीयक, म्हणजे सेवाक्षेत्र. खाणकामाबाबत एकमत नाही; काही तक्ते ते प्राथमिकात घालतात, काही उद्योगात. ॲलन फिशर या अर्थशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ही विभागणी मांडली आणि कॉलिन क्लार्क यांनी १९४० मध्ये अनेक देशांचे आकडे जमवून ती रूढ केली. देशाचे उत्पन्न वाढते तशी माणसे शेतीतून कारखान्यात आणि पुढे सेवांत सरकतात, हे क्लार्क यांच्या मांडणीचे सार. युरोपातील देश आणि जपान यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे ठरले. भारतात मात्र गोष्ट इतकी सरळ घडलेली नाही. ती कुठे अडली हे पाहायला छत्तीसगडमधले बीरगांव सोयीचे आहे.

बीरगांव रायपूरच्या उत्तर अंगाला, शहराला इतके चिकटून आहे की सीमा कुठे संपते ते नवख्याला कळणार नाही. तरी त्याची महापालिका वेगळी आहे आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या लाखाच्या घरात होती. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि पुढे १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच होती. बीरगांवचे मोठेपण अलीकडचे आहे आणि ते शेजारच्या उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींमुळे आले. स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल, फेरोअलॉयच्या भट्ट्या, इमारतीची सळई पाडणारे छोटेमोठे उद्योग यांची इथे दाटी आहे. त्यांच्या धुराने घरांच्या गच्च्यांवर बसणारी काळी भुकटी हा तिथला जुना तक्रारीचा विषय.

तिन्ही क्षेत्रे इथे एकमेकांना टेकून उभी आहेत. दक्षिण छत्तीसगडच्या डोंगरांतून लोहखनिज निघते, कोरब्याच्या बाजूने कोळसा येतो. हे पहिले क्षेत्र. सिलतऱ्याच्या फिरत्या भट्टीत खनिज आणि कोळसा एकत्र तापवून स्पंज आयर्न तयार होते, ते वितळवून बिलेट ओततात, बिलेट लाटून सळई होते; हे दुसरे. खनिज आणणारा आणि सळई नेणारा ट्रक, धर्मकाटा, टायरवाला, ढाबा, भाड्याच्या खोल्यांचा मालक, किराणा दुकानदार हे तिसरे. वसाहतीच्या कुंपणापलीकडे, धरसीवा तालुक्याच्या गावांत, धानाचे बांध सुरू होतात. तिथल्या धानाचीही हीच साखळी: शेतात तो प्राथमिक, राइस मिलमध्ये द्वितीयक, हमालाच्या पाठीवर तृतीयक.

आता देशाचा तक्ता. १९५१ मध्ये भारतातील दर दहा कामकऱ्यांपैकी सात शेतीवर होते, आणि शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा निम्म्याच्या आसपास होता. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये शेती व संलग्न कामांत ४६.१ टक्के कामकरी होते; कारखानदारीत ११.४, बांधकामात १२, व्यापार-हॉटेल यांत १२.२, वाहतूक-दळणवळणात ५.६ आणि उरलेल्या सेवांत जवळपास १२ टक्के. शेतीचा उत्पन्नातील वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास घसरला आहे. म्हणजे उत्पन्न शेतीतून बाहेर पडले, माणसे मागे राहिली. साधा भागाकार केला तर शेतीतला एक माणूस वर्षाकाठी जेवढ्या मूल्याची भर घालतो, त्याच्या जवळपास चौपट भर शेतीबाहेरचा माणूस घालतो. गरिबीची चर्चा शेवटी याच गुणोत्तरापाशी येऊन थांबते.

राज्यांनुसार हे चित्र फार बदलते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कामकऱ्यांपैकी ५३ टक्क्यांच्या आसपास शेतकरी किंवा शेतमजूर होते. छत्तीसगडमध्ये हेच प्रमाण तीन-चतुर्थांश होते, आणि त्यातही शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा बरेच जास्त. भिलाईचा पोलाद कारखाना, कोरब्याची वीजकेंद्रे, बैलाडिल्याच्या खाणी, रायपूरभोवतीच्या वसाहती, एवढे सगळे असलेल्या राज्यात चारांपैकी तिघे शेतावर. कारखाने असणे आणि कारखान्यात माणसे असणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे या एका आकड्यातून दिसते.

शेतीतून माणसे निघावीत कशी, याचे सर्वांत गाजलेले उत्तर आर्थर लुईस यांनी १९५४ च्या निबंधात दिले. सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या लुईस यांना पुढे १९७९ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे असे: गरीब देशात शेतीवर गरजेपेक्षा जास्त हात असतात. चार भावांनी मिळून कसलेले शेत दोघांनी कसले तरी पीक जवळपास तेवढेच येते. कारखान्याने शेतीपेक्षा थोडी बरी मजुरी दिली की हे जास्तीचे हात तिकडे वळतात. मजुरी फारशी वाढत नाही, नफा वाढतो, नफ्यातून नवे कारखाने निघतात, ते आणखी हात ओढतात. एक दिवस जास्तीचे हात संपतात आणि तेव्हापासून सगळ्यांची मजुरी वाढू लागते. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी हा रस्ता एका पिढीत कापला. चीनमध्ये १९७८ साली दहांतले सात कामकरी शेतीवर होते, आता चारांतला एकही नाही.

लुईस यांच्या चित्रात कारखाना माणसे ओढतो असे गृहीत आहे. बीरगांवच्या शेजारी असलेले कारखाने माणसांपेक्षा वीज, कोळसा आणि भांडवल अधिक ओढतात. स्पंज आयर्नची भट्टी चोवीस तास फिरते, तिच्याभोवती पाळीला मोजकी माणसे लागतात. तेवढेच भांडवल तिरुपूरच्या कपड्यांच्या धंद्यात घातले तर कितीतरी अधिक शिवणयंत्रांपुढे कितीतरी अधिक माणसे बसतील. छत्तीसगडच्या जमिनीत लोखंड आणि कोळसा आहे, म्हणून इथे पोलाद आले. हे सयुक्तिकच होते. पण त्या निवडीमुळे नोकऱ्या मात्र थोड्याच आल्या. भिलाईचे उदाहरण याहून बोलके. सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये करार होऊन उभारलेल्या या सरकारी कारखान्यात १९८० च्या दशकात साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. त्यानंतर पोलादाचे उत्पादन वाढले आणि कायम कामगारांची संख्या निम्म्याच्याही खाली आली.

खासगी वसाहतींत कायम नोकरी मुळातच दुर्मीळ. तिथले मनुष्यबळ ठेकेदार पुरवतो. हजेरी त्याच्याकडे, मजुरी त्याच्याकडून, आणि मजूर बदलणेही त्याच्याच हाती. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा होता, पण सतत चालणाऱ्या कामावर कायम माणूस नेमायचा की कंत्राटी, हा वाद इथे रस्त्यावर लढला गेला. शंकर गुहा नियोगी यांच्या छत्तीसगड मुक्ती मोर्चाने भिलाई, उरला, कुम्हारी आणि राजनांदगावजवळचे टेडेसरा या वसाहतींत १९९० पासून आठ तासांचा दिवस, जगण्यापुरती मजुरी आणि कायम नेमणूक या मागण्या लावून धरल्या. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींचा झोपेत गोळी घालून खून झाला. १ जुलै १९९२ ला भिलाई पॉवरहाउस रेल्वेस्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पंधराहून अधिक जण मेले. कंत्राटी पद्धत त्यानंतर आटली नाही, देशभर पसरली. आज नोंदणीकृत कारखान्यांतील दर पाच कामगारांपैकी दोघे कंत्राटी आहेत.

याचा क्षेत्रनिहाय तक्त्याशी संबंध असा की ‘कारखानदारी : ११.४ टक्के’ या एका ओळीत भिलाईच्या टाउनशिपमध्ये राहणारा, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखान्याची सोय असलेला ऑपरेटर येतो, उरल्यात रोजावर सळई ओढणारा मजूर येतो, आणि राजनांदगाव-गोंदियाकडे घरी बसून विड्या वळणारी बाईही येते. तिघांच्या कमाईत, सुरक्षिततेत आणि कामाच्या तासांत काडीचे साम्य नाही. म्हणून जाणकार क्षेत्राच्या आकड्याबरोबर दुसरा एक आकडा पाहतात, कामाचा प्रकार सांगणारा. २०२३-२४ मध्ये देशातील ५८ टक्के कामकरी स्वयंरोजगारी होते, जवळपास २० टक्के रोजंदारीवर, आणि नियमित पगार घेणारे २२ टक्क्यांहून कमी. स्वयंरोजगार या भारदस्त शब्दाखाली बहुतेक करून अडीच एकरांचा शेतकरी, भाजीची हातगाडी आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी माणसे असतात.

मग शेतातून जे हात सुटले ते गेले कुठे? १९९३-९४ मध्ये शेतीचा वाटा ६४ टक्क्यांच्या आसपास होता, २०११-१२ मध्ये तो ४८.९ वर आला. २००४-०५ नंतरच्या सात वर्षांत शेतीतील माणसांची प्रत्यक्ष संख्याही, स्वतंत्र भारतात प्रथमच, तीन कोटींहून अधिक घटली. त्या काळात कारखानदारीचा वाटा जवळपास जागच्या जागी राहिला. वाढले ते बांधकाम. इंग्लंडचा शेतमजूर सूतगिरणीत गेला, भारताचा रेती-सिमेंटच्या घमेल्याकडे. रायपूरमध्ये सकाळी मजूर जिथे जमतात त्या नाक्याला चावडीच म्हणतात. मिस्त्री, कुली आणि रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूरबाई, असे तिथले दर ठरतात. विदर्भातही रेजा हाच शब्द आहे, आणि नागपूरच्या इमारतींवर छत्तीसगडी रेजा-मजूर कित्येक पिढ्यांपासून आहेत. बांधकामाला शिक्षण लागत नाही, भांडवल लागत नाही, आणि शेताची हाक आली की ते मध्येच सोडता येते. यातली शेवटची सोय मजुराच्या लेखी पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी असते.

सेवाक्षेत्राचेही तसेच. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचा अभियंता आणि बीरगांवच्या चौकात टायरची पंक्चर काढणारा मुलगा तक्त्यात शेजारी बसतात. श्रीमंत देशांत सेवा वाढतात त्या उत्पन्न वाढल्यामुळे. गरीब देशांत त्या अनेकदा वाढतात ते दुसरे काही न मिळाल्यामुळे. केनिया आणि घाना यांवरील १९७० च्या दशकातील अभ्यासांनी या दुसऱ्या प्रकाराला असंघटित क्षेत्र हे नाव मिळवून दिले. पुढे अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी दाखवले की आजचे गरीब देश उद्योगांचे शिखर युरोपपेक्षा फार खालच्या उंचीवर आणि फार कमी उत्पन्न असतानाच गाठतात व उतरू लागतात.

हा प्रवास एकाच दिशेने होतो असेही नाही. २०१८-१९ मध्ये शेतीचा वाटा ४२.५ टक्क्यांवर आला होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, भट्ट्या आणि बांधकामे थांबली, माणसे मिळेल त्या वाटेने गावी परतली. त्या वर्षाच्या सर्वेक्षणात शेतीचा वाटा ४५.६ झाला, आणि टाळेबंदी उठून वर्षे लोटल्यावर, २०२३-२४ मध्येही, तो ४६ च्या आसपासच होता. शहरातले काम गेले की शेत पोटाला लावते; त्या अर्थाने गरीब देशातील शेती हा धंदा आहे तसाच बेकारीचा विमाही. छत्तीसगडमध्ये या विम्याला सरकारनेही हातभार लावला. २०२३-२४ च्या हंगामापासून राज्यात धान क्विंटलला ३१०० रुपयांनी, एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी होते. केंद्राचा हमीभाव त्या वर्षी २१८३ रुपये होता. वसाहतीत राबणाऱ्याने गावचा दीड एकराचा तुकडा सोडू नये, याला एवढे कारण पुरे आहे.

आकडे वाचताना ते कसे जमतात हे ठाऊक असलेले बरे. सर्वेक्षणात प्रत्येकाच्या मागच्या ३६५ दिवसांचा हिशेब घेतात. ज्या कामात जास्त काळ गेला ते मुख्य, आणि तीस दिवस किंवा अधिक केलेले दुसरे काम दुय्यम. बीरगांवजवळच्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. नवरा आठ महिने रोलिंग मिलमध्ये आणि पेरणी-कापणीचे दिवस शेतावर. तो कारखानदारीत मोजला जातो आणि त्याची शेती तक्त्याबाहेर राहते. बायको धानाची निंदणी, कापणी, मळणी मिळून चार महिने राबते आणि उरलेले आठ महिने घर सांभाळते. मुख्य कामानुसार ती कामकरी नाहीच, दुय्यम कामामुळे मात्र शेतीच्या रकान्यात येते. घर एक, चूल एक, शेत एक, पण तक्त्यात दोन क्षेत्रे.

स्त्रियांची मोजणी सगळ्यात निसरडी. १९७१ च्या जनगणनेने प्रत्येकाला आधी मुख्य व्यवसाय विचारला. बहुतेक बायकांच्या नावापुढे ‘घरकाम’ लागले आणि १९६१ च्या तुलनेत देशातील कामकरी स्त्रियांची संख्या कागदावर जवळजवळ निम्मी झाली. शेतांतल्या बायका अर्थातच कुठे गेल्या नव्हत्या. अलीकडे उलटे घडते आहे: पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. वाढ मोठी आहे, पण तिचा मोठा भाग ग्रामीण आणि शेतीतला आहे. ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी ७६.९ टक्के शेतीत आहेत, पुरुषांपैकी ४९.४. पुरुष बाहेर पडले आणि शेत बायकांकडे आले, असे म्हणता येईल.

वर्गीकरणाच्या गमतीही आहेत. कारखान्याने स्वतः नेमलेला पहारेकरी कारखानदारीत धरला जातो. त्याच फाटकावर त्याच काठीनिशी एजन्सीचा माणूस उभा राहिला की तो सेवाक्षेत्रातला. गेल्या तीस वर्षांत कारखान्यांनी पहारा, कँटीन, सफाई, वाहतूक बाहेर दिली. सेवाक्षेत्राच्या वाढीतला काही भाग हा एवढाच कागदी बदल आहे.

याहून अवघड प्रश्न हंगामी स्थलांतराचा. छत्तीसगडच्या बऱ्याच भागात पाऊस चार महिन्यांचा, पीक एक. कार्तिक-मार्गशीर्षात धान घरी आले की जांजगीर, बलौदाबाजार, महासमुंदकडची कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन उत्तर प्रदेशापासून जम्मूपर्यंतच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ‘कमाय-खाय बर’, म्हणजे कमवायला-खायला, जाणे म्हणतात त्याला. याच वेळी बीड आणि अहिल्यानगरची जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडांवर गेलेली असतात. दोन्हींत उचल तीच, मुकादम तोच, कच्च्याबच्च्यांची आबाळ तीच. पण सरकारी वर्गीकरणात वीट पाडणे ही कारखानदारी आणि ऊस तोडणे ही शेती. बीडचा मजूर प्राथमिक क्षेत्रात राहिला आणि जांजगीरचा द्वितीयकात ‘पोचला’, असे तक्ता सांगेल. गंमत अशी की ज्या महिन्यांत छत्तीसगडी माणूस वीटभट्टीवर जातो, त्याच महिन्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशाचे मजूर उरला-सिलतऱ्याच्या भट्ट्यांपुढे उभे असतात. बाहेरचा मजूर ठेकेदाराला सोयीचा पडतो: त्याचे शेत दूर असते, धानकापणीला तो दांडी मारत नाही, आणि खोली ठेकेदाराचीच असल्याने बारा तासांच्या पाळीला कुरकुर कमी करतो.

एवढ्या बारकाव्याचे चित्र नमुना सर्वेक्षणातून मिळत नाही. ते देशाचा आणि राज्याचा अंदाज देते; २०२५ पासून देशपातळीचे काही आकडे दरमहाही येतात. पण बीरगांवसारख्या एका शहरात किती शेतमजूर, किती कारखान्यात, किती दुकानांत, हे फक्त जनगणनाच सांगू शकते, आणि तशी शेवटची मोजणी २०११ ची आहे. २०२१ ची हुकली. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. तेव्हा धान केव्हाच विकले गेलेले असेल आणि वीटभट्ट्या ऐन भरात असतील. नियम असा की मोजणीच्या सबंध काळात जो घरी नसतो, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे जांजगीरची भट्टीवर गेलेली कुटुंबे उत्तर प्रदेशाच्या खात्यात जातील, आणि उरल्याच्या खोल्यांतले बिहारी मजूर बीरगांवच्या.